नानींचा चेहरा धूसर का आला?

माझ्या धाकट्या बहिणीच्या वलीम्यातला एक फोटो आमच्या घरी आहे. पुढे खुर्च्यांवर दुल्हा-दुल्हन, मागे तीन रांगांत सगळे खानदान. दुल्हनच्या मेंदीची रेघन् रेघ दिसते. पण अगदी मागे उभ्या असलेल्या नानींचा चेहरा धुरकट आहे. मरहूम नानींचा तो शेवटचा फोटो. "कॅमेरा तर एवढा महाग होता, मग असे का झाले?" हे अम्मी अजून विचारतात.

आपल्या डोळ्याची बाहुली उन्हात बारीक होते, अंधारात मोठी. कॅमेऱ्याच्या भिंगातही पातळ पात्यांचे कडे असते. पाती सरकली की मधले भोक लहान-मोठे होते. हेच अ‍ॅपर्चर. त्याचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढतात आणि दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. आकडा वाढला की भोक लहान! हे उलटे गणित पहिल्यांदा सगळ्यांनाच चकवते. ५० मिलिमीटरच्या भिंगात २ म्हणजे ५० भागिले २, अर्थात २५ मिलिमीटरचे भोक. ८ म्हणजे जेमतेम सव्वासहा.

हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून फोटोग्राफरने भोक मोठे ठेवले असणार. मोठ्या भोकातून किरणांचा जाड झोत येतो. फोकस दुल्हनवर असेल, तर तिच्या चेहऱ्याचा प्रत्येक बिंदू बिंदूच राहतो, पण मागच्यांचा पसरून ठिपका होतो. भोक लहान असते, तर ठिपकेही लहान राहिले असते.

भोकाच्या आकाराने चित्र बदलते, हे बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी तपासले होते. ग्रहणावरच्या आपल्या रिसाल्यात ते सांगतात की, खंडग्रास सूर्यग्रहणात बारीक भोकातून येणारा उजेड कोरीसारखा पडतो. गोल भोक मोठे केले की कोर जाऊन गोल उरतो. तेव्हा त्या भोकाला भिंगही नव्हते.

मात्र भोक फार बारीक करूनही चालत नाही. त्याच्या कडेशी प्रकाश पसरतो आणि सगळेच चित्र किंचित मऊ पडते. शिवाय उजेड कमी पडल्याने फोटोला वेळ जास्त लागतो. तेवढ्यात मुले हलतात.

तेव्हा घरच्या समारंभात फोटोग्राफरला सांगा: ग्रुप फोटोला ५.६ किंवा ८ ठेवा, वाटल्यास जादा दिवा लावा. बहुतेक मोबाइलमध्ये हे भोक बदलत नाही. तिथे पोर्ट्रेट मोड तेवढा बंद ठेवा. आणि नानी-दादींच्या खुर्च्या दुल्हनच्या शेजारीच मांडा.