बिल्ल्याचा आकडा यादीत का बदलतो?

एका दूध संस्थेच्या सचिवांनी विचारले आहे, "गाईंच्या कानातले बिल्ले स्कॅनरने वाचून एक्सेलच्या यादीत घेतले. बिल्ल्यावर बारा अंक आहेत, यादीत मात्र १.२३४५७ई+११ असे काहीतरी दिसते. स्कॅनर बिघडला काय?"

स्कॅनर बहुधा निर्दोष असतो. बारकोडच्या रेघा वाचून तो अंक टंकतो आणि एंटर दाबतो, एवढेच त्याचे काम. घोटाळा यादीत होतो. एक्सेल प्रत्येक आकड्याला हिशेबाची रक्कम समजते आणि अकरापेक्षा जास्त अंक आले की आखडून लिहिते. ई+११ म्हणजे गुणिले दहाचा अकरावा घात. बिल्ल्यांची बेरीज कोणी करीत नाही, पण त्याला ते कोण सांगणार?

सांगायची रीत सोपी आहे. स्कॅन करण्यापूर्वी तो सबंध रकाना निवडून फॉरमॅट सेल्समध्ये 'टेक्स्ट' करावा. बिल्ले आधीच वाचून झाले असतील तर घाबरू नये. रकाना 'नंबर' करून दशांश शून्य ठेवले की बाराही अंक पुन्हा दिसतात.

मात्र तीच आखडलेली यादी कोणी सीएसव्ही करून ठेवली, तर पुन्हा उघडल्यावर १२३४५६७८९०१२ चे १२३४५७०००००० झालेले असते. शेपटाचे अंक गेले ते गेलेच. बिल्ले एकाच मालिकेतले असतील तर अख्ख्या गावच्या गाई एकाच नंबरच्या होतात! मग पुन्हा गोठोगोठी फिरणे आले.

बँकेच्या खात्याचे याहून अवघड. एक्सेल पंधराच अंक नेमके धरते. सोळा अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो, सुरुवातीची शून्ये गळतात. तेथे नंतर टेक्स्ट करून उपयोग नाही, पासबुक पाहून पुन्हा लिहावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केले, तेव्हा बिल्ला आणि बँक खाते दोन्ही लागत होते. अशा वेळी एक अंक चुकला तरी पैसे अडकतात. विम्याच्या दाव्यातही मेलेल्या जनावराचा बिल्ला कागदाशी जुळवून पाहतात.

संस्थेची यादी वाचायला मिळाली की घरातल्या कोणीही गोठ्यात जाऊन आपल्या गाईच्या बिल्ल्याचे शेवटचे चार अंक तिच्याशी ताडून पाहावेत. शेवटी ओळीने शून्ये दिसली, तर सही करू नये.