बाटली सुगंधाची, मात्रा औषधाची

मुळशीत पाऊस लागला, की घराघरांत ओल्या कपड्यांच्या जोडीने निलगिरीच्या तेलाचा वास येऊ लागतो. ताम्हिणीकडच्या गावांत बाळाला सर्दी झाली, की खोबरेल तेलात कापूर विरघळवून छाती चोळतात. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, हिंजवडीच्या सदनिकांत, डिफ्युझरमधून पुदिना आणि लॅव्हेंडर दरवळतो. एकाला आपण घरगुती उपाय म्हणतो, दुसऱ्याला अरोमाथेरपी. गैरसमज मात्र दोन्हीकडे सारखाच: नैसर्गिक आहे, त्याने काय अपाय होणार?

पुदिन्याची चटणी आणि पुदिन्याचे तेल यांत मोठा फरक आहे. भरपूर पाला उकळून त्यातून थोडेसे तेल निघते, म्हणजे पानातली रसायने त्यात कितीतरी पटींनी एकवटलेली असतात. निलगिरीतील सिनिओल आणि कापूर पोटातून झपाट्याने रक्तात जातात आणि मेंदूवर परिणाम करतात. निलगिरीचे तेल चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, पोटात गेले तरी लहान मूल बेशुद्ध पडू शकते. कापराचा एखादा ग्रॅमही तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतो. अशा विषबाधांमुळेच अमेरिकेने १९८३ मध्ये औषधांतील कापराचे प्रमाण ११ टक्क्यांवर रोखले. धोका फक्त मुलांनाच आहे असेही नाही. निलगिरी व कापूर असलेली तेले आणि बाम वापरल्यानंतर प्रौढांनाही झटके आल्याच्या नोंदी बेंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत.

हे अपघात बहुतेक वेळा निष्काळजीपणापेक्षा मायेपोटी होतात. खोकल्याच्या औषधाशेजारी निलगिरीची बाटली असते, वीज गेलेली असते आणि चमचा भरला जातो. कोणी बाळाच्या नाकात थेंब सोडते. देवघरातली कापराची वडी रांगत्या मुलाला खडीसाखर वाटते.

म्हणून काही पथ्ये पाळा. कोणतेही सुगंधी तेल पोटात घेऊ नका, नाकात घालू नका. दोन वर्षांखालील मुलांना ही तेले आणि कापूर लावूच नका. पुदिन्याच्या उग्र वासाने तान्ह्याचा श्वास अडखळू शकतो. मोठ्यांनीही तेल थेट त्वचेवर न लावता चमचाभर खोबरेल तेलात एक-दोन थेंबच मिसळावेत. लिंबाचे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. डिफ्युझरमध्ये तीन-चार थेंब पुरेत. अर्ध्या तासाने तो बंद करा आणि खिडकी उघडी ठेवा. घरात दमा किंवा फिट्सचा त्रास असलेली व्यक्ती असेल, कोणी गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. उकळत्या पाण्याचे पातेले मुलापुढे ठेवून वाफ देऊ नका. ते उलटून मुले गंभीर भाजतात.

तेल किंवा कापूर पोटात गेलाच, तर उलटी करवू नका. तेल श्वासनलिकेत शिरून फुप्फुसे सुजतात, शिवाय झटका केव्हाही येऊ शकतो, कधी पाच-दहा मिनिटांतही. दूध, तूप पाजत बसू नका. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका. १०८ वर फोन करा आणि बाटली सोबत घेऊन या. एकाच चमचाभर तेलाने काय होऊ शकते, हे त्या लेबलवरूनच डॉक्टरांना कळते. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांकही घरात लिहून ठेवा.

पण सगळा भार आईबापांवर टाकून चालणार नाही. पूजेच्या साहित्यात कापूर सुटा मिळतो, त्यावर इशाऱ्याचा एक शब्द नसतो. तेलाच्या बाटलीवर तो असलाच, तर बारीक इंग्रजीत. ठळक मराठीत 'पोटात घेऊ नये, मुलांपासून दूर ठेवा' असे छापणे आणि मुलांना सहज उघडता येणार नाही असे झाकण बसवणे उत्पादकांना अवघड नाही. सरकारने ते सक्तीचे करावे. तोवर आशाताईंनी घरभेटीत लसीच्या कार्डाबरोबर निलगिरीची बाटली कुठे ठेवली आहे, हेही विचारावे. आणि आपण आज ती औषधांच्या फळीवरून उचलून वेगळी, उंचावर ठेवावी.