चार ओळींचा अहवाल

पुण्यातील रुग्णालयांच्या परिसरात एक दृश्य नेहमी दिसते. शस्त्रक्रियागृहातून मिळालेली फॉर्मॅलिनची बरणी हातात धरून रुग्णाचा भाऊ किंवा मुलगा प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभा असतो. बरणीत जिभेचा वा गालाचा कापून काढलेला भाग असतो. शस्त्रक्रियेला किती पैसे लागले, हे इंदापूर-फलटणहून आलेला तो माणूस पैशापर्यंत सांगू शकतो. परंतु पुढच्या साऱ्या खर्चाचा, आणि बहुधा रुग्णाच्या आयुष्याचाही, निर्णय या बरणीतून निघणाऱ्या कागदावर अवलंबून आहे, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते.

2022च्या जागतिक अंदाजानुसार भारतीय पुरुषांत मुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. वर्षाला एक लाखाहून अधिक पुरुषांना तो नव्याने होतो. तंबाखू आणि सुपारी ही त्याची प्रमुख कारणे. 1941 साली स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर या विकृतिशास्त्रज्ञाने या सवयींचा व रोगाचा संबंध अभ्यासला, त्याला आता कित्येक दशके लोटली. 2012 साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. तिचे पुढे काय झाले, हे प्रत्येक टपरीवाला जाणतो. असो. प्रतिबंधाची चर्चा निदान होते तरी. ज्यांना रोग झालाच आहे त्यांच्या निदानाच्या गुणवत्तेबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

‘कर्करोग आहे, कडा मोकळ्या आहेत’ एवढ्या मजकुराचा चार ओळींचा अहवाल खोटा नसतो. पण तो अपुरा असतो. गाठ किती खोल गेली आहे? 2018पासून मुखाच्या कर्करोगाच्या वर्गीकरणात ही खोली मोजली जाते. वरून तीन सेंटीमीटर दिसणारी जखम चार मिलिमीटर खोल असेल तर आकारमानाच्या दुसऱ्या वर्गात पडते, बारा मिलिमीटर असेल तर तिसऱ्या. कडा ‘मोकळी’ म्हणजे किती अंतरावर? पाच मिलिमीटरच्या आत असेल तर ती सामान्यतः धोक्याच्या जवळची मानली जाते. मानेतील किती लसिकाग्रंथी सापडल्या, किती बाधित निघाल्या, आणि रोग ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर पडला आहे काय? हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. 2004 साली युरोप व अमेरिकेतील दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्यापासून, आवरण फुटले असल्यास किंवा कडेला रोग उरला असल्यास किरणोपचाराबरोबर औषधोपचारही द्यावा, असा प्रघात पडला. मानेच्या ग्रंथींचे महत्त्व तर मुंबईतच सिद्ध झाले. टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्याच शस्त्रक्रियेत या ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते. ग्रंथी वाढेपर्यंत वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण 67.5 टक्के होते.

अहवाल याबाबत मौन पाळतो तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अंदाजाने चालावे लागते. सावधगिरी म्हणून किरणोपचार द्यावे, तर सुमारे सहा आठवडे पुण्यात राहणे आले, मजुरी बुडणे आले, तोंड सोलवटून अन्न तुटणे आले. न द्यावे, तर रोग उलटण्याचे भय. म्हणजे जी माहिती काचपट्टीवर उपलब्ध होती, ती न लिहिल्याची किंमत ज्याचा त्यात काडीचा हात नाही अशा कुटुंबाला मोजावी लागते.

दोष एकट्या विकृतिशास्त्रज्ञाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पुष्कळदा नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘गालाची गाठ’ एवढेच लिहिलेले असते. कोणती कड पुढची, कोणती मागची, हे दाखवणारा टाका घातलेला नसतो. फॉर्मॅलिन अपुरे असते. शिवाय जबडा आणि मान मिळून आलेल्या नमुन्यातील ग्रंथी एकेक चाचपून शोधाव्या लागतात, हाड मऊ होण्यास दिवस जातात. मोबदला मात्र नमुन्यामागे मिळतो, श्रमामागे नव्हे. अशा व्यवस्थेत थोडक्यात लिहिणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरला तर नवल नाही.

ठरावीक रकाने छापून दिले तर तज्ज्ञाचा कारकून होईल, असा आक्षेप घेतला जातो. कारकुनाला याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही. सातबाराचा उतारा तलाठ्याच्या लहरीनुसार लिहिला जात नाही, म्हणूनच त्यावर कर्ज मिळते. रिकामा रकाना डोळ्यांत भरतो. न लिहिलेले वाक्य कोणाला दिसत नाही. लाळग्रंथीच्या काही दुर्मीळ गाठींचे निदान रकान्यांनी सुटणारे नाही, हे मान्य. तेथे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. त्यासाठी काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे पाठवता येतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला आणि किरणोपचाराला शासन पैसा देते. जो पैसा देतो त्याला अट घालता येते. अहवाल जोडला आहे की नाही एवढे पाहून न थांबता, त्यात खोली, कडांचे अंतर आणि ग्रंथींची स्थिती नमूद आहे काय, हे तपासावे. आणि मोठ्या नमुन्याच्या तपासणीस वेगळा, श्रमाला साजेसा दर द्यावा. शस्त्रक्रिया आणि विकृतिशास्त्र हे दोन्ही विभाग जेथे एकाच छत्राखाली आहेत, अशा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपासून, पुण्यात बी. जे. आणि ससूनपासून, ही सक्ती सुरू करण्यास नवा कायदा लागणार नाही. एक छापील नमुना आणि एक परिपत्रक पुरेल. ते निघेपर्यंत बरणी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला खिडकीवर मिळेल तो कागद घेऊनच परत जावे लागणार आहे.