कन्नमवार नगरात कन्नमवार किती?

विक्रोळी पूर्वेला रिक्षावाल्याला नुसतं 'कन्नमवार' म्हटलं तरी पुरतं. नगर, रस्ता, इमारत असलं काही सांगावं लागत नाही. फार तर 'एक नंबर' की 'दोन नंबर' एवढं तो मान मागे वळवून विचारतो. सकाळच्या गर्दीत स्टेशनबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं, तर हे आडनाव इतक्यांदा कानावर पडतं की नवख्याला वाटावं, कन्नमवार हे इथलं जुनं खोत घराणं असणार.

मी वर्षानुवर्षं इथे राहतो. सोसायट्यांच्या जिन्याखाली रहिवाशांच्या नावांच्या पाट्या असतात, त्या वाचायची मला खोड आहे. कदम, सावंत, पवार, जाधव, शिंदे, गायकवाड, मोरे; मधूनच एखादे नायर, एखादे यादव. कन्नमवार मात्र मला एकाही पाटीवर भेटलेले नाहीत. एकदा शेजाऱ्यांकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलहून एक आजी आल्या होत्या. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहत सरळ विचारलं, "इथं साहेबांचा वाडा होता का जी?" खोलीतले आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत राहिलो. कोण साहेब, हे त्यांना माहीत होतं. आमच्यातल्या निम्म्यांना नव्हतं.

साहेब म्हणजे मारोतराव सांबशिव कन्नमवार, महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. जन्म १९०० सालचा, चंद्रपूर जिल्ह्यातला, घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची. १९६२ मध्ये चीनचं आक्रमण झालं, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि २० नोव्हेंबरला कन्नमवारांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. पुढच्या वर्षी २४ नोव्हेंबरला, पदावर असतानाच, त्यांचं निधन झालं. उणंपुरं एक वर्ष. त्यांच्यानंतर आलेले वसंतराव नाईक अकरा वर्षं राहिले. त्या लांबलचक कारकिर्दीच्या सावलीत कन्नमवारांचं वर्ष झाकून गेलं. सामान्यज्ञानाच्या पुस्तकातला एका ओळीचा प्रश्न एवढंच त्याचं स्थान उरलं.

पण मला आज त्यांच्या कारकिर्दीपेक्षा त्यांच्या आडनावाबद्दल बोलायचं आहे. कारण ते मुंबईत जितकं ऐकू येतं, तितकंच माणसांच्या रूपाने दुर्मिळ आहे.

कोकणात आणि देशावर आपण आडनाव पाहून गाव ओळखतो. 'कर' लागला की मागे गाव आलंच. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ आणि नांदेडच्या पूर्व कडेला मात्र 'कर'च्या जोडीला 'वार' भेटू लागतो. मुनगंटीवार, वडेट्टीवार, येरावार ही राजकारणामुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झालेली नावं. कन्नमवार त्याच कुळीतलं. या 'वार'चा तलवारीशी किंवा आठवड्याशी संबंध नाही. तो तेलुगूतल्या 'वारु'मधून आला, असं सांगितलं जातं. आपण 'देशपांडे मंडळी' म्हणतो तसा हा आदरार्थी अनेकवचनी शब्द. तेलुगूत घराण्याचं नाव माणसाच्या नावाच्या आधी येतं, त्याला 'इंटि पेरु' म्हणजे घराचं नाव म्हणतात. पी. व्ही. नरसिंह रावांमधला पहिला 'पी' हा पामुलपर्तीचा, म्हणजे आपल्या हिशेबाने आडनावाचा. (हेच नरसिंह राव पुढे रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले आणि हरिभाऊ आपट्यांची कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती, सीमेवरची माणसं अशीच दोन घरं सांभाळून असतात.) हे घराण्याचं नाव मराठी मुलखात नांदू लागलं, तसं इथल्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या बाकावर जाऊन बसलं. अमक्या घरची माणसं, ते अमकेवार.

आता 'वार' आडनावांचा नकाशा काढायला घेतला, तर एक मोठी गंमत दिसते. आडनाव पसरतं ते माणसं स्थलांतर करतात म्हणून, असं आपण गृहीत धरतो. इथे माणसं जागच्या जागी राहिली आणि सरहद्दच त्यांच्या दारावरून इकडून तिकडे सरकत गेली. वर्धा आणि वैनगंगा मिळून होणारी प्राणहिता जिथे गोदावरीला भेटते, त्या सिरोंचात आजही तेलुगू ही बाजाराची भाषा आहे आणि कारभार मराठीत चालतो. राजुरा घ्या. निजामाच्या राज्यात तो अदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला तो नांदेड जिल्ह्यात, आणि १९५९ मध्ये चंद्रपुरात. किनवटही अदिलाबादमधून नांदेडात आला. खुद्द चंद्रपूर, तेव्हाचा चांदा, आधी मध्य प्रांतात, स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबईत आणि १९६० पासून महाराष्ट्रात. १९८२ मध्ये त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. राजुऱ्यातला एखादा वृद्ध 'वार' आयुष्यभर एकाच ओसरीवर बसून तीन राज्यं आणि तीन जिल्हे करून आला असेल. कन्नमवारांचंही तेच. ते आधी नागपुरातून चालणाऱ्या जुन्या मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळात होते आणि मग मुंबईतून चालणाऱ्या महाराष्ट्राच्या. मतदार तेच, राजधानी वेगळी.

तेलुगू घराणी महाराष्ट्रात दुसऱ्या वाटांनीही आली. सोलापूरच्या हातमागांवर आणि गिरण्यांत पद्मशाली विणकर आले, मुंबईत बांधकामावर कामाठी आले आणि कामाठीपुऱ्याला नाव देऊन गेले. पण सोलापूरची आडनावं पाहा: आडम, सादूल, बोल्ली. त्यांना 'वार' चिकटला नाही. तेलंगणातून थेट कामाच्या गावी आलेल्यांनी आपलं घरनाव होतं तसं गाठोड्यात बांधून आणलं. सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहून हळूहळू मराठी झालेल्यांनी ते मराठी वळणाने वापरायला घेतलं, असं मला वाटतं. आडनावाच्या शेपटावरून माणूस कोणत्या वाटेने आला हे थोडंफार कळतं ते असं.

तर चंद्रपूरचं हे आडनाव जवळजवळ नऊशे किलोमीटर ओलांडून विक्रोळीला कसं आलं? त्याला कुणी माणूस घेऊन आला नाही. सरकारी कागद घेऊन आला. म्हाडा स्थापन झाली १९७७ साली. त्याआधी घरबांधणीचं काम गृहनिर्माण मंडळाकडे होतं. कामगार आणि अल्प उत्पन्न गटासाठी मंडळाने विक्रोळीत मोठ्या वसाहती उभ्या केल्या, त्यातल्या एकीला दिवंगत मुख्यमंत्र्यांचं नाव दिलं. त्यात राहायला आला तो सातारा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, नगरकडचा माणूस. शेजारच्या वसाहतीला टागोर नगर हे नाव मिळालं. म्हणजे रेल्वेच्या पूर्वेला एका बाजूला गोदावरीकाठच्या मुलखाचं आडनाव आणि दुसऱ्या बाजूला गंगेकाठचं. मधल्या मैदानात क्रिकेट खेळणारे बहुतेक कोकणातले.

विदर्भात तरी हे नाव शाबूत असेल, असं वाटावं. नागपूरला एक नावाजलेलं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, केडीके. तिथे शिकलेल्या एका ओळखीच्या मुलाला मी शेवटच्या 'के'चा अर्थ विचारला. त्याला पहिला 'के' म्हणजे कर्मवीर हे आठवलं, पुढे गाडी अडली. ते कर्मवीर दादासाहेब कन्नमवार. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयालाही आता त्यांचं नाव आहे. पुढेमागे त्याचीही आद्याक्षरं होतील.

विक्रोळीच्या पोटात याहून विरळ एक आडनाव आहे, आणि ते सगळ्या देशाच्या घराघरांत पोचलेलं आहे. गोदरेज. या आडनावाची जन्मतारीख जवळजवळ सांगता येते, हे भाग्य फार थोड्या आडनावांच्या वाट्याला येतं. मुंबईतल्या बुर्जोरजी गुथराजी यांनी जानेवारी १८७१ मध्ये आपल्या कुटुंबाचं आडनाव बदलून गोदरेज करून घेतलं. त्यांचा थोरला मुलगा अर्देशीर तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याने पुढे वकिली सोडून १८९७ मध्ये लालबागला कुलुपांचा कारखाना काढला. म्हणजे दीडशे वर्षांच्या मागे हे आडनाव नव्हतंच, आणि जे आहे ते एकाच घराचं आहे. पारशी समाजच केवढासा! १९४१च्या जनगणनेत १,१४,८९०, २०११ मध्ये ५७,२६४. त्यात हे एक कुटुंब. आडनाव धारण करणारी माणसं एका मिनीबसमध्ये मावावीत.

पण नाव माणसांतून उतरून कुलपावर गेलं, तिजोरीवर गेलं, साबणावर गेलं (त्या साबणाची भलामण खुद्द रवींद्रनाथ टागोरांनी केली होती, ही दोन नावं विक्रोळीत शेजारी येण्याआधीच एका जाहिरातीत भेटली होती) आणि शेवटी मराठी लग्नाच्या यादीत जाऊन बसलं. आमच्या आईपुढे कुठल्याही कंपनीचं लोखंडी कपाट ठेवा, तिच्या लेखी ते गोदरेजच. १९४३ मध्ये अर्देशीर यांचे धाकटे बंधू पिरोजशा यांनी विक्रोळीची जमीन लिलावात घेतली. ती एके काळी ईस्ट इंडिया कंपनीकडून फ्रामजी बनाजींना मिळाली होती. ते बनाजीही नावापुरते धोबी तलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये उरले. विक्रोळीत त्यांचा मागमूस नाही. त्याच जमिनीवरच्या कारखान्यात देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या तयार झाल्या आणि आडनाव कधी न गेलेल्या खेड्यांत गेलं.

या कंपनीच्या पाटीवरचं दुसरं नाव तर आणखी विलक्षण. बॉइस हे सुरुवातीच्या काळातले भागीदार. धंद्याला भांडवल देणाऱ्या मेरवानजी कामांचे ते पुतणे. ते थोड्याच दिवसांत बाहेर पडले. नाव मात्र शंभराहून अधिक वर्षं पाटीवर आहे.

दरम्यान घरातलं आडनाव पातळ होत गेलं, कारण आपल्याकडे आडनाव मुलाच्या वाटेने चालतं. पिरोजशांच्या लेकीकडून नवरोजी आलं, पुढच्या पिढीत क्रिष्णा, मग दुबाश. २०२४ मध्ये कुटुंबाने उद्योगाची वाटणी केली. त्यात जमिनी आणि समभाग वाटले गेले, गोदरेज हे नाव तेवढं वाटलं नाही, दोन्ही समूहांनी ते ठेवलं. विक्रोळीची बरीचशी जमीन ज्या समूहाकडे राहिली, त्याच्या कार्यकारी संचालक आहेत न्यारिका होळकर. त्या पिरोजशांच्या पणती, आणि आडनाव विवाहाने आलेलं. नीरेकाठचं होळ गाव, तिथून मल्हाररावांबरोबर इंदूर आणि तिथून फिरत फिरत विक्रोळी. गावावरून पडलेलं अस्सल 'कर' आडनाव विक्रोळीच्या सर्वांत मोठ्या कंपाउंडमध्ये आलं ते असं अडीचशेहून अधिक वर्षांचा वळसा घेऊन. आडनावं कुठे मुक्कामाला जातील याचा भरवसा नाही, हे मला यातलं सर्वांत आवडतं उदाहरण.

गोदरेज या नावाची काळजी करायचं कारण नाही. त्याच्यामागे पैसा आहे, वकील आहेत, जाहिराती आहेत. कन्नमवार या नावामागे कुणी नाही. गेल्या काही वर्षांत कन्नमवार नगराच्या जुन्या चार मजली इमारती एकेक करून पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. टॉवरला विकासक नाव देतो आणि ते सहसा इंग्रजी, चकचकीत असतं. पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत 'के. नगर' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. घरांच्या जाहिरातींत तर सरसकट 'विक्रोळी पूर्व'. नागपूरच्या केडीकेचं जे झालं ते इथे व्हायला वेळ लागणार नाही. आणि मुंबईत तर हे आडनाव दुसरीकडे कुठे ऐकू येईल अशी सोय नाही.

म्हणून पुनर्विकासाच्या सभांना बसणाऱ्या सोसायट्यांच्या सदस्यांना एक विनंती. पार्किंग, कॉर्पस फंड, चटई क्षेत्र यांवर भांडा, जरूर भांडा. पण नव्या फाटकाचा आराखडा समोर येईल, तेव्हा त्यावर 'मारोतराव कन्नमवार नगर' असं पूर्ण नाव घालून घ्या, आणि खाली 'चंद्रपूर, १९०० ते १९६३' एवढी एक ओळ. मूलहून येणाऱ्या पुढच्या आजींना उत्तर द्यायला आपल्याकडे निदान पाटी तरी असू द्या.