गाठ कशी मारावी

नोकरीस नव्याने लागलेल्या मुलास अगर मुलीस आजकाल पुष्कळ ठिकाणी पहिल्या दिवशी माणसाच्या हवाली न करता संगणकाच्या हवाली करितात. पडद्यावर चित्रे सरकतात, एक आवाज नियम वाचून दाखवितो, 'पुढे' ह्या खुणेवर बोट दाबीत जावयाचे आणि अखेरीस दहा प्रश्नांची उत्तरे द्यावयाची, की प्रमाणपत्र तयार. अमुक इसमास शिक्षण दिले, अशी कचेरीच्या दप्तरी नोंद होते. पुढे त्याच इसमाच्या हातून माल बिघडला, किंवा यंत्राखाली त्याचे बोट सापडले, म्हणजे हीच नोंद त्याच्यापुढे धरिली जाते: आम्ही शिकविले होते, तूच शिकला नाहीस.

ह्या उत्तरातील अन्याय संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि त्यावरचा उपायही जुनाच आहे. १९४० च्या ऑगस्टात, अमेरिका अद्याप युद्धात उतरली नसताना, तेथील सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचे एक खाते उघडले. निकड मोठी होती. युद्धसामग्रीसाठी भिंगे घासणारे कारागीर हवे होते, आणि असा कारागीर तयार व्हावयास पाच वर्षे लागतात अशी सर्वांची समजूत होती. खात्याच्या माणसांनी ते काम बारकाईने तपासले. तेव्हा त्या एका नावाखाली निरनिराळी अनेक कामे दडलेली निघाली, व त्यांतील थोडीच खरोखर कसबाची होती. सोपी कामे वेगळी काढली, अवघड कामातील नेमकी अवघड जागा कोणती ते टिपून ठेविले, आणि वर्षांची उमेदवारी महिन्यांवर आली.

मग खात्याने मुकादमांनाच शिकवावयाचे ठरविले. दोन दोन तासांच्या पाच बैठका, आणि एका वेळी सुमारे दहाच माणसे. पहिल्या बैठकीत विजेच्या दिव्याच्या वायरीची एक गाठ मारावयाची असे. वायर ओढली गेली तरी ताण आतील स्क्रूंवर न येता गाठीवर यावा, हा तिचा उपयोग. शिक्षक प्रथम ती गाठ कशी मारावी हे नुसते तोंडाने सांगे, आणि एका मुकादमास ती मारून दाखविण्यास सांगे. त्यास ती येत नसे. मग दुसऱ्यापुढे तो तोंडातून अक्षर न काढता नुसती गाठ मारून दाखवी. त्यासही ती साधत नसे. वीस वीस वर्षे काम केलेले हे लोक हातात वायर धरून ओशाळे होऊन उभे राहत, आणि आपण नवख्या पोरांना मठ्ठ का म्हणतो हे त्यांच्या एका क्षणात ध्यानी येई. शिकणारा शिकला नसेल तर शिकविणाऱ्याने शिकविलेच नाही, हे त्या खात्याचे ब्रीद होते. १९४५ साली खाते बंद झाले तोपर्यंत सुमारे साडेसोळा हजार कारखान्यांतील सतरा लाखांहून अधिक लोकांना ह्या वर्गांची प्रमाणपत्रे मिळाली होती. पुढे जपानने ही पद्धत उचलली, व टोयोटाच्या कारखान्यांत ती चांगलीच रुजली.

पद्धत म्हणावी तर चार पायऱ्यांची: माणसास तयार करणे, काम दाखविणे, त्याच्याकडून करवून घेणे, आणि मागाहून लक्ष ठेवणे. दाखविताना प्रत्येक पायरीतील मर्म सांगावयाचे. ज्यावाचून काम फसेल, ज्याने इजा होईल, किंवा ज्याने काम सुलभ होईल, ते मर्म. ते का, हेही सांगावयाचे. शिकणाऱ्यास समोर उभे करू नये, नाही तर त्याचा डावा तो आपला उजवा होतो, एवढीशी गोष्टही त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. मग नवख्याने काम करावे, आणि करताना त्यातील मर्म आपल्या तोंडाने सांगावे. तो 'समजले' म्हणाला, एवढ्यावर विश्वासू नये. आमच्या मते सारी खुबी येथेच आहे. 'समजले काय?' ह्या प्रश्नास नोकरीच्या पहिल्या दिवशी 'नाही' म्हणण्याची छाती कितीजणांस होते?

संगणकावरील धड्यास आम्ही नावे ठेवीत नाही. आडगावच्या मुलीस तोच धडा दहादा पाहता येतो, ही लहान सोय नव्हे. दोष आहे तो धडा रचणाऱ्यांचा. धडा संपताच घेतलेल्या परीक्षेने काय कळते? २००६ साली रोडिगर व कार्पिक ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या काही गटांस एक उतारा पुन्हापुन्हा वाचावयास दिला, व काहींकडून तो न पाहता आठवून लिहविला. पाच मिनिटांनी वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे. तेव्हा तेच दहा प्रश्न आठ दिवसांनी विचारावे, पुन्हा महिन्याने विचारावे, आणि उत्तरे निवडावयास न देता आठवावयास लावावे. ह्यास फारसा खर्च येत नाही. फक्त प्रमाणपत्र लवकर देता येत नाही, एवढेच.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक ह्यांनी १९५९ साली शिक्षणाचे मोल चार टप्प्यांनी पाहावयास सांगितले: शिकणाऱ्यास ते आवडले काय, तो शिकला काय, त्याचे कामातील वर्तन बदलले काय, आणि कामास त्याचे फळ आले काय. बहुतेक कचेऱ्या पहिल्या दोहोंपाशीच थांबतात. तिसऱ्यासाठी खुर्ची सोडून कामाच्या जागी जावे लागते ना!

आमच्या वाचकांत बेळगावच्या ओतशाळांत व यंत्रशाळांत काम करणारे आहेत, हैद्राबादच्या रुग्णालयांतील वडील परिचारिका आहेत, बडोद्याच्या कारखान्यांतील मुकादम आहेत. त्यांच्या हाताखाली कोणी नवे माणूस आले असेल तर त्यांनी चौथी पायरी तरी सोडू नये: अडल्यास कोणास विचारावयाचे त्याचे नाव सांगावे, पहिल्या आठवड्यात वरचेवर जाऊन पाहावे, मग हळूहळू फेऱ्या कमी कराव्या. आणि ज्यांची मुले नुकतीच कामास लागली आहेत, त्यांनी सायंकाळी प्रमाणपत्र मिळाले काय हे विचारण्याऐवजी त्या एका माणसाचे नाव विचारावे. मुलास ते सांगता आले नाही, तर दुसऱ्याच दिवशी शेजारच्या यंत्रावरील एखाद्या जुन्या कारागिरास त्याने स्वतः जाऊन विचारावे, म्हणजे निदान गाठ मारून दाखविणारे कोणी तरी त्यास भेटेल.