विश्लेषण : डोंगा उलटल्यावरची पहिली मिनिटे, हिवाळ्यात पोहणारेही का बुडतात?

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ 23 जानेवारी 2024 रोजी सकाळी वैनगंगेत डोंगा उलटला आणि सहा महिला बुडाल्या. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला त्या निघाल्या होत्या. धानाचा हंगाम संपला की या भागात मिरचीचा तोडा हीच हाताला मिळणारी मजुरी असते. रस्त्याने जायचे तर पुलापर्यंतचा वळसा, डोंग्याने काही मिनिटांत पैलतीर. हा हिशेब नदीकाठच्या बहुतेक गावांत रोज केला जातो.

आपल्याकडे पाण्याची भीती पावसाळ्याशी जोडलेली असते. भामरागडची पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की बातमी होते, बोटी आणि बचाव पथके सज्ज होतात. जानेवारीतली संथ वैनगंगा कुणाला धोक्याची वाटत नाही. मात्र गणपूरच्या पाचच दिवस आधी, 18 जानेवारी 2024 रोजी, वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका दगावल्या. त्याच वर्षी 18 डिसेंबरला मुंबईहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्यात 15 जणांचा मृत्यू झाला. या तिन्ही दुर्घटनांना पुराचे निमित्त नव्हते. थंडीनेच हे बळी घेतले असेही म्हणता येणार नाही. गार पाणी सुटकेची संधी कमी करते, एवढे मात्र नक्की.

गार पाण्यात नेमके काय होते?

माणूस गारठून मरतो ही समजूत अर्धवट आहे. शरीराचे आतले तापमान घसरायला बराच वेळ लागतो. धोका त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या मिनिटातच असतो. त्वचेला अचानक गार पाणी लागले की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि मग धाप लागते. विहिरीवर सकाळी पहिली बादली अंगावर घेताना येते तशीच ही धाप, फक्त तोंड पाण्याखाली असताना आलेली. त्या एका श्वासात पाणी छातीत जाते. पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही, कारण श्वास त्याच्या ताब्यात राहिलेला नसतो.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी यासाठी ‘1-10-1’ असे सोपे सूत्र मांडले : श्वास आवरायला एक मिनिट, हातपाय कामाचे असतात ती दहा मिनिटे आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. हे आकडे बर्फगार पाण्याचे आहेत. वैनगंगा तितकी गार कधीच होत नाही, त्यामुळे तिथे मुदत जास्त मिळते. क्रम मात्र तोच राहतो : आधी श्वास, मग हातांची पकड, शेवटी शुद्ध.

मग करायचे काय?

पहिले मिनिट पोहायचे नाही. डोके मागे टाकून, कान पाण्यात बुडू देऊन उताणे तरंगायचे. हात हलके हलवत राहायचे आणि धाप ओसरू द्यायची. ब्रिटनची जीवरक्षक संस्था आरएनएलआय किनाऱ्यावर येणाऱ्यांना हेच शिकवते. ओले लुगडे माणसाला खाली ओढते असे मानले जाते, पण पाण्यात कापडाचे वजन फारसे जाणवत नाही. अडचण होते ती पायांत गुंडाळण्याची, म्हणून पाय झाडण्यापेक्षा तरंगणे बरे.

दुसरी गोष्ट, उलटलेला डोंगा सोडायचा नाही. लाकडी डोंगा पालथा झाला तरी बहुधा तरंगतो. काठ जवळ दिसतो आणि माणूस त्याकडे झेपावतो, पण पाण्यावरून अंतर नेहमी कमी भासते. पतंगाच्या ओढीवर फळीवरून समुद्र कापणाऱ्या काइटबोर्डिंगच्या खेळातही स्वतःच्या सुटकेचा धडा हाच आहे : पतंग पडला तर तो सोडून पोहायचे नाही. दोर गुंडाळत त्याच्यापाशी पोहोचायचे, हवा भरलेल्या पतंगाला धरून किनाऱ्याकडे सरकायचे. शिवाय जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत असेल तर ते पाण्यात उतरतच नाहीत. त्यांच्या अंगात गार पाण्यासाठीचा जाड रबरी पोशाख असतो, डोंग्यातल्या मजुराच्या अंगात स्वेटर.

अंगातले जॅकेट आणि फळीखालचे जॅकेट

लाइफ जॅकेट धाप लागलेल्या माणसाचे तोंड पाण्यावर ठेवते, पण ते आधीच अंगात आणि बंद बांधलेले असेल तरच. पाण्यात पडल्यावर ते घालणे जवळपास अशक्य असते. जॅकेट नसेल तर विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला बांधतात तो घट्ट झाकणाचा रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळाही धरायला कामी येतो. मात्र तो तोंड वर ठेवत नाही, त्यामुळे त्याला जॅकेटची जागा देता येत नाही.

बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून पाणी काढण्याची पद्धत गावोगाव आहे. ती घातक आहे, कारण उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची आणि 108 ला फोन लावायचा. श्वास चालू असेल तर आडवे ठेवून ओले कपडे काढायचे, घोंगडीत गुंडाळायचे. हातपाय चोळायचे नाहीत, शेकोटीला चिकटवायचे नाही. दारू तर मुळीच नाही, तिने अंगातली उष्णता आणखी लवकर जाते.

जबाबदारी कोणाची?

1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात बिनइंजिनाच्या नावांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यांच्या नोंदणीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची तरतूद आहे. म्हणजे घाटावरच्या डोंग्याची नोंद, किती माणसे बसवायची याची रंगवलेली खूण आणि जॅकेटे यांचा प्रश्न ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत येतो. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या सीमेवर अडचण अशी की एकच डोंगा दोन जिल्ह्यांच्या घाटांना लागतो. एका काठावर नियम पाळला आणि दुसऱ्या काठावर परतीच्या वेळी दहा माणसे जास्त चढली, तर नोंदवहीचा उपयोग नाही. त्यामुळे नियम दोन्ही काठांच्या पंचायतींनी मिळून ठरवायला हवा, तोही मिरचीचा तोडा सुरू होण्याआधी.