सील बदलले म्हणजे जिप्सी दुरुस्त झाली?



कोलकात्याहून लिहिलेला मागचा लेख शिवाजी गेटवर होता, त्यावर फार प्रेमाने लिहिलेत. या वेळी मात्र भांडायला आलो आहे. भांडण जुन्या जिप्सीच्या मागच्या अ‍ॅक्सलमधून गळणाऱ्या ऑइलवरून आहे. ज्यांना हा विषय क्षुल्लक वाटतो त्यांच्याशीच ते आहे, आणि त्यांत आपलेच माजी सैनिक जास्त आहेत.

‘गळत नसेल तर समज आत ऑइलच नाही.’ हा विनोद जीपवर झाला, बुलेटवर झाला, जिप्सीवरही होतो. नव्या पोराला एमटी पार्कात पहिल्याच आठवड्यात तो ऐकवतात आणि पुढची वीस वर्षे तो इतरांना ऐकवतो. मला त्यावर हसू येत नाही. इंजिनच्या झाकणाखालून दोन थेंब पडले तर हसा हवे तेवढे. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या कडेवर काळा ओघळ आला असेल तर हसायची वेळ संपली. ते ऑइल ब्रेकच्या ड्रममधून बाहेर आलेले असते. म्हणजे बाहेर यायच्या आधी ते लायनर भिजवून आलेले आहे.

ही बेफिकिरी कुठून आली याचा मी पुष्कळ विचार केला. आपले जुने ड्रायव्हर शक्तिमानवर तयार झाले, नंतरचे स्टॅलियनवर. त्या ट्रकांत मागच्या चाकाचे वजन हब पेलतो. शाफ्टचे काम फक्त चाक फिरवणे. शाफ्ट ओढून बाहेर काढला तरी चाक जागच्या जागी उभे. ब्रेक तिथेही भिजतात, पण चाक कुठे जात नाही. जिप्सीचे तसे नाही. तिथे चाक थेट शाफ्टच्या फ्लॅन्जवर बसते आणि गाडीचा भार शाफ्ट व त्याच्या एका बेअरिंगवर येतो. हे बेअरिंग जागेवर धरून ठेवते ती दाबून बसवलेली एक लोखंडी रिंग. बेअरिंग खलास झाले आणि रिंग सुटली तर शाफ्टसकट चाक बाहेर येऊ शकते. ट्रकवरची सवय घेऊन जिप्सीकडे पाहणाऱ्याला हे सांगावेच लागते, कारण बाहेरून दोन्हीकडे दिसतो तो तोच काळा ओघळ.

इथेच स्थायिक झालेले सातारकडचे एक माजी हवालदार आहेत. त्यांनी फौजेतून कंडेम झालेली, क्लास फाइव्ह-बीतली जिप्सी घेतली. पोरासारखी जपतात. उजवे मागचे चाक गळू लागले. आठ महिन्यांत एका गॅरेजने तीन वेळा सील बदलले. प्रत्येक वेळी पंधरा-वीस दिवस कोरडे, मग पुन्हा ओघळ. शेवटी पावसात ट्रामच्या ओल्या रुळांवर त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग आडवा होऊन फुटपाथला जाऊन टेकला. पहाटेची वेळ होती, फुटपाथवर कोणी नव्हते. दोन तासांनी तिथे चहाची टपरी लागते.

ऑइलने भिजलेला लायनर कधी निसटतो, कधी एकदम धरतो. कोणत्या दिवशी काय करील याचा नेम नाही. पेट्रोलने धुऊन, उन्हात वाळवून तो परत बसवणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. लायनर स्पंजासारखा असतो. दोनदा जोरात ब्रेक लागले, तापला, की आत मुरलेले ऑइल पुन्हा वर येते. तो फेकायचाच, आणि नवे दोन्ही चाकांना घालायचे.

त्या जिप्सीचे चाक रविवारी उघडले तेव्हा सील नवेकोरेच होते. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवर वरच्या बाजूला ब्रीदर असतो, हवा ये-जा करण्यासाठी केलेली एवढीशी वाट. ती चिखलाने बुजली होती. गाडी चालली की ऑइल तापते, आतली हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या ओठातून ऑइल ढकलत बाहेर पडते. उलटही होते, आणि कोलकात्यात ते जास्त होते. तापलेला अ‍ॅक्सल गुडघाभर पाण्यात शिरला की हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ठनठनिया, अ‍ॅम्हर्स्ट स्ट्रीट हे भाग पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्धच आहेत. २३ सप्टेंबर २०२५ ला तर एका दिवसात अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडून अर्धे शहर बुडाले होते. अशा पाण्यातून गाडी काढली असेल तर अ‍ॅक्सलचे ऑइल उघडून पाहा. दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी गेले आहे. ते ऑइल बेअरिंगला खाते, खाल्लेले बेअरिंग डुगडुगते, आणि डुगडुगणाऱ्या शाफ्टवर जगातले कोणतेही सील टिकणार नाही.

नेमके हेच झाले होते. चाक जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, वरून आणि खालून धरून हलवले तर प्ले हाताला कळत होता. सीलचा ओठ ज्या जागेवर फिरतो तिथे नखाला लागेल एवढी खाच पडलेली. तीन सिले बदलणाऱ्याने एकदाही चाक हलवून पाहिले नसावे, कारण ते दोन मिनिटांचे काम आहे.

मिस्त्रींचे उत्तर मला पाठ आहे: ‘दादा, गिऱ्हाईकच म्हणतं स्वस्तात करा.’ खरे आहे. सील स्वस्त, बेअरिंग महाग आणि त्याहून महाग मेहनत. जुनी रिंग ग्राइंडरने पातळ करून छिन्नीने फोडावी लागते, नवी प्रेसवर दाबावी लागते. ही मेहनत वाचवायला काही जण गॅसने रिंग कापतात. शाफ्टला आंच लागली की त्याचे पाणी उतरते आणि मग तो कधी तुटेल ते सांगता येत नाही. दुसरी शक्कल म्हणजे नव्वद नंबरऐवजी एकशेचाळीसचे जाड ऑइल ओतणे. गळती थोडी मंदावते, गाडी जड चालते आणि मूळ दुखणे झाकून राहते.

झाकण्यात आपणही कमी नाही. इन्स्पेक्शनच्या आदल्या संध्याकाळी डिझेलचा बोळा घेऊन हब पुसणारे हात सगळ्यांनी पाहिले आहेत. रजिस्टरात ‘ऑइल टॉप-अप केले’ अशी ओळ आली की तिला मेंटेनन्स म्हणतात. किती टॉप-अप केले हे कोणी लिहीत नाही. या अ‍ॅक्सलमध्ये मुळात मावते किती? दीडेक लिटर. त्यात दोन महिन्यांत अर्धा लिटर ओतावे लागत असेल तर ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

पुढच्या चौकीवर, जिथे स्टोअरमध्ये एकच सील आहे आणि रसद वर चढवायचीच आहे, तिथे टॉप-अप करून गाडी काढणाऱ्याला मी बोल लावणार नाही. त्याला हिशेब माहीत असतो, तो उतारावर गिअरमध्ये उतरतो. पण कोलकात्यात? इथे मल्लिक बाजार आहे. जुन्या गाडीचा असा सुटा भाग नसेल जो तिथे मिळणार नाही. (बेअरिंग आणि सील मात्र तिथून जुने घेऊ नका, सीलबंद नवेच घ्या.)

आता भंगारवाले. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढत नाही, तेव्हापासून प्रत्येक घरात एक जण तज्ज्ञ झाला आहे. तो नियम सरकारी गाड्यांचा आहे आणि देशाच्या संरक्षणाच्या कामातल्या खास गाड्यांना त्यातूनही सूट आहे. तुमची खाजगी जिप्सी फिटनेसमध्ये पास होत असेल तर तिचे वय काढायचे कारण नाही. १९८५ साली आलेले हे मॉडेल तीसेक वर्षे बनत राहिले, कारण त्यातला प्रत्येक भाग हाताने उघडता येतो. गळणारा अ‍ॅक्सल हे गाडी विकण्याचे कारण असूच शकत नाही. हाउसिंगच वाकले असेल तर गोष्ट वेगळी. ओव्हरलोड करून खड्ड्यांत आपटलेल्या गाड्यांत ते होते, आणि तेव्हाही गाडी फेकायची नसते, हाउसिंग बदलायचे असते.

ज्यांची गळते आहे त्यांनी आधी ओघळाला बोट लावून वास घ्या. गिअर ऑइल जाड असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. पातळ, बिनगंधकाचे असेल तर ते ब्रेक ऑइल आहे, दुखणे व्हील सिलिंडरचे आहे आणि अ‍ॅक्सल उघडायची गरजच नाही. गिअर ऑइलच निघाले तर मिस्त्रीला ब्रीदर साफ करायला सांगा, चाकाचा प्ले तुमच्यासमोर बघायला लावा, आणि बेअरिंग बदलले म्हणाला तर जुनी रिंग हातात मागा. ती छिन्नीने फुटलेली असली पाहिजे. रिंग कचऱ्यात गेली असे सांगितले, तर पैसे देण्याआधी चाक पुन्हा उघडायला लावा.